टिग मशीन घेण्याआधी: छोट्या वर्कशॉपसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागच्या शेडमध्ये हौसेने काम करणारे, नुकतंच फॅब्रिकेशनचं दुकान टाकलेले, बाइकचे सायलेन्सर बनवणारे, डेअरी आणि हॉटेलांच्या स्टीलच्या कामात असलेले असे अनेकजण टिग मशीनबद्दल साधारण तेच प्रश्न विचारतात. टिग म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने, आर्गन वायूच्या आवरणाखाली केलेलं वेल्डिंग. पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "कोणत्या कंपनीचं घेऊ?" माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. कोणता धातू जोडायचाय, शेडमध्ये वीज किती आहे आणि आर्गन कुठून भरून मिळणार, या तिन्हींची उत्तरं मिळाली की मशीन जवळजवळ ठरूनच जातं. क्रम उलटा केला की पैसे अडकतात. त्याहून वाईट म्हणजे शिकायला आलेला माणूस पहिल्याच मशीनवर हिरमुसतो आणि पुन्हा टॉर्च (टंगस्टन धरणारी मूठ) हातात घेत नाही. तसं होऊ नये म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

आर्क मशीन (रॉड जाळून वेल्डिंग करणारं) आहेच. टिग खरंच लागेल का?

गेट, ग्रिल, शेडचे ट्रस, शेतीची अवजारं, ३ मिलिमीटरच्या वरचे एमएसचे (साध्या लोखंडाचे) अँगल एवढंच काम असेल तर नाही लागणार. टिग संथ असतं. आर्कने तासाभरात होणाऱ्या कामाला टिगवर अर्धा दिवस जातो आणि गॅसचा खर्च वेगळा.

पातळ पत्रा आला, स्टेनलेसचा पाइप आला, दूध किंवा खाण्याचे पदार्थ ज्यात राहणार ती टाकी आली, अ‍ॅल्युमिनियम आलं, किंवा जोड उघड्यावर दिसणार असेल, तर टिगला पर्याय शोधत बसू नका. यात टंगस्टनचं टोक वितळत नाही, फक्त आर्क धरून ठेवतं. उष्णता एका हातात, फिलर (जोडात भरायची तार) दुसऱ्या हातात. स्लॅग (जोडावर जमणारं कवच) नाही, ठिणग्या जवळजवळ नाहीत. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत मॅग्नेशियम जोडण्यासाठी बसवली, तेव्हा आर्गनऐवजी हेलियम वापरत. हलका, पातळ आणि पटकन पेटणारा धातू सांभाळण्यासाठीच ही पद्धत जन्माला आली, आणि तिचा तो गुण आजही तसाच आहे.

डीसी घेऊ की एसी/डीसी?

सगळ्यात जास्त पैसे या एका निर्णयावर हलतात, म्हणून इथे घाई करू नका.

एमएस, स्टेनलेस, तांबं, टायटॅनियम हे सगळं डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर होतं. टॉर्च निगेटिव्हला, अर्थ क्लॅम्प पॉझिटिव्हला. साधारण दोन तृतीयांश उष्णता जॉबवर (जोडायच्या तुकड्यावर) जाते आणि टंगस्टन थंड राहतं. टॉर्च चुकून पॉझिटिव्हला लावली तर टंगस्टनच्या टोकाचा गोळा होऊन तो गळायला लागतो. नव्या माणसाने मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराला फोन करण्याआधी हे एकदा तपासावं.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० अंशांच्या वर तापमान लागतं. डीसी निगेटिव्हवर प्रयत्न केला की वरची कातडी तशीच राहते आणि खालचा धातू रस होऊन अचानक खाली पडतो. एसीमध्ये करंटची दिशा सतत बदलते. एका अर्ध्या फेरीत ऑक्साइड फुटून साफ होतो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातू वितळतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमला एसी लागतं.

तेवढ्याच अँपिअरच्या डीसी मशीनपेक्षा एसी/डीसी मशीनला दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे पडतात. आत इलेक्ट्रॉनिक्स जास्त, त्यामुळे दुरुस्तीही महाग. माझं मत स्पष्ट आहे. महिन्यातून एखादा इंजिन केसिंगचा कान किंवा रेडिएटरचा पाइप येत असेल तर तो जवळच्या टिग वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या आणि स्वतःसाठी चांगलं डीसी मशीन घ्या. दर आठवड्याला अ‍ॅल्युमिनियम येत असेल, किंवा तुमचा छंदच सायकलच्या फ्रेम, इंटरकूलर, ड्रोनचे सांगाडे असा असेल, तर मात्र सुरुवातीलाच एसी/डीसी घ्या. "आत्ता डीसी घेऊ, मग अपग्रेड करू" यात पहिलं मशीन निम्म्या किमतीला जातं.

एसी/डीसी घेताना एसी बॅलन्स आणि एसी फ्रीक्वेन्सी या दोन्ही गोष्टी बदलता येतात का, ते पाहा. बॅलन्सने साफसफाई आणि खोली यांचं प्रमाण ठरतं. फ्रीक्वेन्सी ८० ते १२० हर्ट्झच्या आसपास नेली की आर्क अरुंद होते आणि कोपऱ्यातल्या जोडात भटकत नाही.

किती अँपिअरचं मशीन पुरेल?

स्टीलसाठी ढोबळ हिशोब असा: जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला ४० अँपिअर. स्टेनलेसला थोडं कमी, अ‍ॅल्युमिनियमला थोडं जास्त, कारण ते उष्णता लगेच पसरवतं. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, तिथे ५०–६५ अँपिअर. ३ मिलिमीटरला ११०–१२०. म्हणजे हॉटेलची टेबलं, रेलिंग, सायलेन्सर, टाक्या हे सगळं १५० अँपिअरच्या आत बसतं. २०० अँपिअरचं मशीन अशा कामाला भरपूर झालं.

वरच्या आकड्याकडे सगळे बघतात, खालच्याकडे कोणीच नाही. पातळ कामाचा खरा कस तिथेच लागतो. २० गेजच्या पत्र्याला, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरला, ३० अँपिअरच्या आसपास काम होतं आणि टाका (वेल्डिंगची रेघ) संपवताना त्याहून बरंच खाली यावं लागतं. मशीन ५–१० अँपिअरवर आर्क शांत धरतं की फडफडवतं, हे दुकानात स्वतः चालवून पाहा. ही चाचणी करू न देणाऱ्याकडून मशीन घेऊ नका.

घरच्या सिंगल फेजवर चालेल का?

चालेल, पण आधी आकडा काढा. टिगच्या आर्कचं प्रमाणित व्होल्टेज १० अधिक अँपिअरच्या ०.०४ पट असं धरतात. १०० अँपिअरला १४ व्होल्ट, म्हणजे १४०० वॉट. मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणि पॉवर फॅक्टर धरला तर २३० व्होल्टवर साधारण १०–११ अँपिअर ओढले जातात. हे १६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर निभतं. २०० अँपिअरला १८ व्होल्ट, ३६०० वॉट, आणि मीटरकडून सुमारे २६ अँपिअर. त्याला ३२ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप तुटणारा स्विच) आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. एमसीबी सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका सहन करणारा) घ्या, नाहीतर मशीन चालू करतानाच ट्रिप होईल.

त्याच मशीनवर होल्डर लावून रॉडचं आर्क वेल्डिंग केलं तर व्होल्टेज २० अधिक ०.०४ पट धरतात. १६० अँपिअरला २६ व्होल्टच्या वर, आणि मीटरकडून ३० अँपिअर. म्हणजे कमी अँपिअरची आर्क, जास्त अँपिअरच्या टिगपेक्षा जास्त वीज खाते. महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर छापलेलं असतं, ते एकदा बघून घ्या. घरगुती जोडणीवर धंद्याचं काम करू नका. दर वेगळा असतो आणि तपासणीत सापडलं तर दंड होतो.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत खाली येतं. अशा ठिकाणी मशीनच्या कागदावर इनपुटची मर्यादा वाचा. काही मशीनं १६० व्होल्टपर्यंत तग धरतात, काही २०० च्या खाली गेलं की बंद पडतात. आणि लांबलचक, बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. १ चौरस मिलिमीटरच्या वायरने २० मीटर लांब गेलात, तर २० अँपिअरला १४ व्होल्ट वायरमध्येच संपतात, आणि वायर तापते ती वेगळीच.

जनरेटरवर चालवायचं असेल तर तो मशीनच्या इनपुट केव्हीएच्या दीडपट तरी असावा आणि त्याला व्होल्टेज स्थिर ठेवणारं एव्हीआर असावं.

ड्यूटी सायकल म्हणजे नेमकं काय?

दहा मिनिटांपैकी किती मिनिटं मशीन त्या अँपिअरवर सलग चालू शकतं, ते. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. सलग न थांबता किती अँपिअर मिळतील हे काढायचं तर टक्केवारीचं (६० टक्के म्हणजे ०.६) वर्गमूळ घ्या आणि त्याने अँपिअरला गुणा. २०० अँपिअर ६० टक्क्यांना असेल तर सलग १५५ मिळतात. २०० अँपिअर २५ टक्क्यांना असेल तर सलग फक्त १००. बाहेरून दोन्ही मशीनं सारखीच दिसतात आणि दोन्हींवर २०० लिहिलेलं असतं.

आयईसी ६०९७४ या मानकाप्रमाणे ही चाचणी ४० अंश तापमानाला करायची असते. काही उत्पादक २० किंवा २५ अंशांचा आकडा छापतात, तो अर्थातच मोठा दिसतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा ४५ च्या वर असतो, तिथे हा फरक दुपारी दोन वाजता कळतो. हौसेच्या कामाला ड्यूटी सायकलची फारशी अडचण येत नाही, कारण वेळ मुख्यतः घासण्यात, मापात आणि टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारण्यातच जातो. रेलिंगचं दिवसभराचं काम असेल तर मात्र हाच आकडा पाहून घ्या.

मशीनवर २०० लिहिलंय ते खरं की खोटं, कसं ओळखायचं?

मॉडेलचं नाव वाचू नका, मागची रेटिंग प्लेट वाचा. तिथे एक्स म्हणजे ड्यूटी सायकल, आय-दोन म्हणजे वेल्डिंगचा करंट, यू-दोन म्हणजे आर्कचं व्होल्टेज आणि आय-एक मॅक्स म्हणजे इनपुटला जास्तीत जास्त ओढला जाणारा करंट. आता साधा गुणाकार करा. २०० अँपिअरला १८ व्होल्ट, बाहेर ३६०० वॉट. प्लेटवर इनपुट २३० व्होल्ट, १५ अँपिअर असेल तर आत जातात ३४५०. आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जास्त देणारं मशीन जगात नाही. हा गुणाकार दुकानात उभं राहून मोबाइलवर करा, समोरच्याला वाईट वाटलं तरी करा.

एचएफ स्टार्ट हवं की लिफ्ट चालेल?

लिफ्टमध्ये टंगस्टन जॉबला टेकवून उचलायचं, मग आर्क लागते. एचएफमध्ये न टेकवता, बटण दाबलं की उच्च वारंवारतेची ठिणगी आर्क पेटवते. स्क्रॅच म्हणजे काडीपेटीसारखं घासून पेटवणं. साध्या आर्क इन्व्हर्टरला व्हॉल्व्हची टॉर्च लावून केलेलं टिग याच प्रकारचं असतं.

शिकणाऱ्यासाठी मी एचएफच सांगेन. हात अजून स्थिर नसताना टंगस्टन सारखं जॉबला चिकटतं, टोक खराब होतं, आणि दर दोन मिनिटांनी ग्राइंडरकडे जावं लागतं. स्टेनलेसमध्ये टंगस्टनचा कण अडकला तर जोडही बिघडतो. अ‍ॅल्युमिनियमला तर एचएफशिवाय बहुतेक मशीनं धड चालत नाहीत. मात्र शेजारी सीएनसी, डिजिटल रीडआउट किंवा कॉम्प्युटर असेल तर एचएफचा त्रास होऊ शकतो. तिथे अर्थिंग नीट करा, केबल गुंडाळून ठेवू नका. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एचएफ मशीनजवळ उभंही राहू नये.

पल्स, डाउनस्लोप, टू-टी, फोर-टी: यातलं खरंच काय लागतं?

डाउनस्लोप हवाच. टाका संपताना करंट एकदम तुटला की शेवटी खड्डा पडतो आणि त्यातून बारीक तडा जातो. दोन-तीन सेकंदांत करंट हळूहळू उतरला की खड्डा भरतो. पोस्टफ्लोही हवाच, म्हणजे आर्क विझल्यावरही गॅस चालू राहणं. साधारण प्रत्येक १० अँपिअरला एक सेकंद धरा आणि तोवर टॉर्च जागेवरून हलवू नका. गॅस वाचवायला पोस्टफ्लो कमी करणारे टंगस्टनवर त्याहून जास्त खर्च करतात.

टू-टी म्हणजे बटण दाबून धरलं तोवर आर्क. फोर-टीमध्ये एकदा दाबून सोडलं की चालू, पुन्हा दाबून सोडलं की बंद. लांब टाका घालताना फोर-टीने बोट दुखत नाही. पल्स पातळ स्टेनलेसवर उपयोगी पडतो. सेकंदाला एक-दोन ठोक्यांवर ठेवला तर फिलर टाकायची लय बसते आणि पत्रा कमी वाकतो. पण पल्सशिवाय हात बसवा, मग पल्स लावा.

फूट पेडल आपल्याकडे फार कमी दुकानांत दिसतं. टेबलावर बसून काम करणार असाल तर ते घ्याच, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमला. जॉब जसजसा तापतो तसतसा करंट पायाने कमी करता येतो. किमान मशीनला पेडलचं सॉकेट आहे की नाही, एवढं तरी आत्ता पाहून ठेवा.

आर्गनचं काय? सिलिंडर केवढा घ्यायचा?

मशीनचे पैसे एकदाच जातात, गॅसचे जन्मभर. म्हणून मशीनचा सौदा करण्याआधी गॅसवाल्याला भेटा. सिलिंडर भाड्याने, डिपॉझिटवर की स्वतःचा, रिकामा दिल्यावर भरलेला लगेच मिळतो की दोन दिवस थांबावं लागतं, घरपोच येतो की स्वतः आणायचा, हे सगळं विचारा. भोसरी, शिरोली, सातपूर किंवा वाळूजसारख्या औद्योगिक भागाच्या आसपास असाल तर गॅसची अडचण नाही. तालुक्याच्या गावी असाल तर हाच प्रश्न तुमचं टिग चालणार की धूळ खाणार ते ठरवतो.

मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर गॅस असतो. मिनिटाला ८ लिटरने चालवला तर साडेचौदा तास आर्क मिळते. दीड घनमीटरच्या छोट्या सिलिंडरला तीन तास. छोटा उचलायला सोपा, पण भरण्याची किंमत गॅसच्या प्रमाणात कमी होत नाही. जागा असेल तर मोठाच घ्या आणि भिंतीला साखळीने बांधा.

गॅस शुद्ध आर्गन हवा, ९९.९९ टक्के किंवा वर. मिग मशीनला (सलग तार सोडत वेल्डिंग करणाऱ्या) लागणारं आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण इथे चालत नाही, टंगस्टन क्षणात जळतं. स्वतःचा सिलिंडर विकत घेत असाल तर खांद्यावर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख वाचा. दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी लागते, आणि सिलिंडर पेसोच्या (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) मान्यतेचा असावा लागतो. या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. कागद नसलेला जुना सिलिंडर स्वस्त मिळतो, पण कोणताही नेक गॅसवाला तो भरून देणार नाही.

फ्लो मिनिटाला ६ ते १० लिटर. रेग्युलेटरला फ्लोमीटरची काचेची नळी असावी, त्यातली गोळी बघून फ्लो लावता येतो. फ्लो वाढवला की संरक्षण वाढतं असं नाही. १५–२० वर नेला तर गॅस भोवरा करून उलट हवा आत ओढतो. काम करताना पंखा बंद करा. आर्गन हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो. टाकीच्या आत किंवा खड्ड्यात उतरून वेल्डिंग करताना हवेची सोय केल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा केल्याशिवाय उतरू नका. त्याला रंग नाही, वास नाही, आणि गुदमरतोय हे कळायच्या आत शुद्ध जाते.

टॉर्च कोणती चांगली?

मशीनबरोबर बहुतेक १७ नंबरची येते, १५० अँपिअरपर्यंतची. २६ नंबरची २०० पर्यंत, पण जाड आणि जड. ९ नंबरची १२५ पर्यंत, हलकी आणि पातळ कामाला हाताला सुखाची. या हवेने थंड होणाऱ्या टॉर्च आहेत. १२०–१३० वर सलग काम केलं की हातमोज्यातूनही चटका जाणवतो. रोज १५० च्या वर काम असेल तरच पाण्याने थंड होणारी २० नंबर आणि तिचा कूलर यांचा विचार करा.

केबल कडक असेल तर मनगट थकतं आणि टाका वाकडा जातो. लवचिक केबलची टॉर्च हा मशीननंतरचा सगळ्यात उपयोगी खर्च आहे. त्यासोबत गॅस लेन्स घ्या. आतल्या जाळीमुळे गॅस सरळ वाहतो, टंगस्टन जरा बाहेर काढून कोपऱ्यात पोहोचता येतं आणि स्टेनलेसचा रंग सुधारतो. कप, कोलेट, बॅक कॅप हे सुटे भाग तुमच्या शहरात मिळतात ना, ते पाहून मगच टॉर्चचा नंबर ठरवा.

टंगस्टन कोणत्या रंगाचं घेऊ?

सोनेरी किंवा आकाशी पट्टीचं लँथनेटेड घ्या, एसी आणि डीसी दोन्हीला चालतं. लाल पट्टीचं थोरिएटेड दुकानात सहज मिळतं आणि चालतंही छान, पण थोरियम किरणोत्सारी आहे आणि टोक घासताना त्याची धूळ श्वासात जाते. चांगला पर्याय असताना ती जोखीम का घ्यायची? जाडी १.६ मिलिमीटरची साधारण दीडशे अँपिअरपर्यंत, त्यावर २.४. टोक लांबीच्या दिशेने घासा, आडवं नाही. त्यासाठी वेगळा दगड ठेवा, ज्यावर दुसरं काहीच घासायचं नाही.

फिलर कोणता?

३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ३०८ एल नंबरचा फिलर, ३१६ ला ३१६ एल, स्टेनलेस आणि एमएस एकमेकांना जोडायचे तर ३०९ एल. रेलिंगवाले बऱ्याचदा २०२ ग्रेडचा पाइप वापरतात, त्यालाही ३०८ एल चालतो. एमएसला ७० एस-२ किंवा ७० एस-६. अ‍ॅल्युमिनियमला ४०४३ किंवा ५३५६, पण नंतर अ‍ॅनोडाइझ करायचं असेल तर ४०४३ नको, जोड काळपट दिसतो. पाइपच्या कडेची कापलेली पट्टी फिलर म्हणून वापरण्याची सवय लावून घेऊ नका.

तिन्ही एकात, म्हणजे मिग-टिग-आर्क मशीन कसं?

मिग मुख्य आणि टिग कधीतरी असेल तर ठीक. यातल्या बऱ्याच मशीनांत टिग फक्त डीसी आणि लिफ्टवालं असतं. टिगसाठी म्हणून घेत असाल तर नको.

मग ब्रँड कोणता?

आता हा प्रश्न योग्य जागी आला. भारतात अडोर, ईएसएबी, वॉर्प, रिलॉन अशी नावं सहज दिसतात. अडोर १९५१ पासून या धंद्यात आहे आणि तिचा चिंचवडचा कारखाना पुणेकरांना परिचित आहे. चीनहून आलेली, वेगवेगळी नावं लावलेली मशीनंही पुष्कळ आहेत आणि त्यातली सगळी वाईट नाहीत. मी नावापेक्षा तीन गोष्टी विचारतो. कार्ड (आतला सर्किट बोर्ड) जळलं तर ते कार्ड मिळतं का, की अख्खं मशीन बदलावं लागतं? दुरुस्ती माझ्या जिल्ह्यात होते की मशीन पार्सलने पाठवायचं? वॉरंटी बिलावर सिरियल नंबरसकट लिहून मिळते का?

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर इथे फिरलात तर हत्यारं आणि सुटे भाग पाहायला मिळतील, आणि भाव ऑनलाइनशी ताडून पाहता येतील. थोडा फरक असेल तर जवळच्या दुकानातून घ्या. मशीन बंद पडल्यावर समोर जाऊन उभं राहता येतं, याला किंमत आहे.

सेकंडहँड घेतलं तर?

वॉरंटी संपलेलं इन्व्हर्टर मशीन मी फक्त उघडून दाखवलं तरच घेईन. आत ग्राइंडिंगची काळी धूळ साचली असेल तर ती लोखंडाची असते आणि कार्डवर शॉर्ट करते. कोकणातून आलेल्या मशीनमध्ये कनेक्टरवर हिरवट गंज आहे का ते पाहा. कार्डवर हाताने केलेलं सोल्डरिंग दिसलं तर किंमत पाडा किंवा उठून या. मग १५० अँपिअरवर पाच-सहा मिनिटं चालवा, पंखा फिरतोय का, एचएफ प्रत्येक वेळी लागतं का, गॅसचा व्हॉल्व्ह उघडताना टक्क आवाज येतो का, ते बघा.

हेल्मेट आणि सुरक्षिततेसाठी काय घेऊ?

टिगची आर्क शांत असते, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. तसं नाही. धूर नसल्यामुळे अतिनील किरण थेट अंगावर येतात. गळा आणि मनगट झाकलेलं हवं, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

आपोआप काळं होणारं हेल्मेट घेताना ते कमी अँपिअरच्या टिगला प्रतिसाद देतं का, ते पाहा. स्वस्तातली २० अँपिअरला चुकतात आणि मध्येच उघडतात. चार सेन्सरचं घ्या. काचेचा शेड, म्हणजे काळेपणाचा नंबर, ९ ते १२ पुरतो, १०० अँपिअरच्या आसपास १०. हातमोजे पातळ चामड्याचे, नाहीतर फिलर बोटांत सरकत नाही.

एक गोष्ट जीवावर बेतू शकते. तेलकट भाग क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने किंवा ट्रायक्लोरोएथिलीनने पुसून लगेच वेल्डिंग करू नका. आर्कच्या किरणांनी त्या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. अ‍ॅसिटोन वापरा, ते पूर्ण उडू द्या आणि डबा लांब ठेवा. जीआय पाइपवरचं जस्त घासून काढल्याशिवाय टिग लावू नका. धुराने ताप येतो आणि टंगस्टनही खराब होतं.

हातात धरायचं लेझर वेल्डिंग आलंय, मग टिग कशाला?

पातळ स्टेनलेसचं एकसारखं, भरपूर काम असेल तर लेझर वेगात टिगला मागे टाकतं. पण किंमत बरीच जास्त, फटी चालत नाहीत, आणि परावर्तित किरणानेही डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून बंद खोली आणि खास चष्मे लागतात. हौशी माणसाच्या उघड्या शेडसाठी मी ते सुचवणार नाही.

शिकायचं कुठे?

शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. नोकरी-धंदा करणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. अशा वेळी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे रविवारी बसा. सुरुवात १.५–२ मिलिमीटरच्या स्टेनलेसच्या तुकड्यावर, फिलरशिवाय. फक्त रस तयार करून सरळ रेषेत न्यायचा. आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी राहू लागली की मग दुसऱ्या हातात फिलर घ्या.

नवीन मशीन आणलं, पण टाका काळा आणि भुसभुशीत येतोय. मशीन खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी गॅस उघडा आहे का आणि नळीला गळती आहे का ते साबणाच्या पाण्याने बघा. टॉर्चचा बॅक कॅप घट्ट आहे का, आतला ओ-रिंग जागेवर आहे का? कप तडकलाय का? पंखा किंवा दारातून वारा येतोय का? मग धातू: एमएसवरची काळी मिलस्केल घासून चकचकीत केलीय का, स्टेनलेसला एमएसवर वापरलेला ब्रश तर लावला नाही ना? स्टेनलेसचा टाका फिकट सोनेरी आला तर उत्तम, निळसर चालेल, राखाडी किंवा काळा म्हणजे उष्णता जास्त किंवा गॅस कमी. पाइपची आतली बाजू काळी खडबडीत येत असेल तर आतूनही आर्गन सोडावा लागतो. दोन्ही टोकं अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा, एका टोकातून मिनिटाला ३–५ लिटर आर्गन सोडा, दुसऱ्या टोकाला बारीक भोक ठेवा आणि आतली हवा निघून जायला वेळ द्या. दुधाच्या आणि खाण्याच्या टाक्यांना हे केल्याशिवाय जोड लावूच नये, कारण त्या खडबडीत भागात जंतू बसतात आणि धुऊन निघत नाहीत. एवढं सगळं तपासूनही टाका काळाच येत असेल, तर दुसऱ्या कोणाचा चालू सिलिंडर जोडून पाहा. तोच टाका स्वच्छ आला तर सिलिंडर परत करा, मशीन नाही.